पेटी आणि तिच्यातला आवाज

काशीचा शिंदे घाट मराठी माणसाला दोन कारणांनी ओळखीचा वाटतो. एक त्याच्या नावामुळे आणि दुसरे तो एकदा खचला होता म्हणून. दौलतराव शिंद्यांच्या पश्चात बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास हा घाट बांधावयास घेतला. दगड उत्तम होता, पैसा भरपूर होता, हेतूही धार्मिक होता. तरीही ते सारे बांधकाम स्वतःच्याच भाराने खाली गेले, कारण पायाखालची माती नदीची होती. विसाव्या शतकात घाटाची पुन्हा उभारणी झाली. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ मात्र कललेले ते कललेलेच राहिले. वर्षातील बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात नाहीतर गाळात असतो. काठावर उभे राहून प्रवासी त्याची छायाचित्रे घेतात, पिसाच्या मनोऱ्यापेक्षा हे अधिक कललेले आहे असे एकमेकांना सांगतात आणि पुढे मणिकर्णिकेकडे वळतात. शिखर पाहणाऱ्यांपैकी गाभाऱ्याची चौकशी करणारा क्वचितच भेटतो.

नभोवाणीच्या इतिहासाचे जतन या नावाखाली आपल्या देशात जे चालते, त्याचे याहून नेमके चित्र दुसरीकडे मिळणार नाही. शिखर जपले जाते, गाभारा गाळात जातो. रेडिओचे संग्रहालय म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती पॉलिश केलेल्या लाकडी संचांची रांग: मर्फी, फिलिप्स, बुश, काचेची तबकडी, तिच्यावर दूरदूरच्या शहरांची नावे, पुढे कापडी जाळी आणि मागे पुठ्ठ्याचे झाकण. संच बंद असतो. शेजारी वर्ष लिहिलेली चिठ्ठी असते. पाहुणा ‘आमच्या आजोबांकडे असाच होता’ असे म्हणतो आणि संग्रहालयाचे काम संपले असे सर्वांनाच वाटते.

व्यक्तिगत संग्राहकांची चेष्टा करणे हा या आक्षेपाचा हेतू नाही. उत्तर प्रदेशातच गजरौला येथे एका गृहस्थांनी बाराशेहून अधिक संच जमविले आणि २०२५ मध्ये त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. भंगाराच्या दुकानांतून एकेक संच उचलून आणणाऱ्या माणसाने आपल्या ऐपतीत जे शक्य होते ते केले, आणि बहुधा त्याहून अधिकच केले. प्रश्न त्याचा नाही. ज्यांच्या हाती प्रक्षेपण होते, फिती होत्या, कागदपत्रे होती आणि सरकारी तिजोरी होती, त्यांनी काय जपले, हा प्रश्न आहे. संग्राहकाला संचच मिळू शकतो. आवाज त्याच्या हाती कधी नव्हताच.

काही वस्तू स्वतःच इतिहास असतात, हे मान्य केले पाहिजे. कलकत्त्याच्या बोस संस्थेत जगदीशचंद्र बसूंची उपकरणे ठेवलेली आहेत. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तारेवाचून लहरी पाठवून दाखविल्या आणि गॅलेना स्फटिकाच्या शोधकाला १९०४ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. ते उपकरण म्हणजेच तो विचार, म्हणून त्याच्याकडे नुसते पाहूनही काही कळते. ठाण्याच्या कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडलेल्या मर्फी संचाचे तसे नाही. तो एक दार होता. दार जपून घर पाडणाऱ्याला वास्तुरक्षक म्हणत नाहीत.

या संचाचा खरा इतिहास सांगणारा एक कागद होता, तो म्हणजे टपाल कचेरीतून मिळणारे परवान्याचे पुस्तक. गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना घ्यावा लागे आणि वर्षाचे शुल्क भरून त्यावर तिकिटे चिकटवावी लागत. कोणत्या गल्लीत कोणत्या वर्षी ऐकणे सुरू झाले, कोणाच्या नावाने सुरू झाले, घरातील बाईच्या नावाने परवाना असे काय, हे त्या पुस्तकांवरून सांगता आले असते. रेडिओ मोडला तरी माळ्यावर राहिला. पुस्तक रद्दीत गेले.

आता काशीकडे. या शहराने भारतीय नभोवाणीला जेवढे दिले तेवढे क्वचितच दुसऱ्या शहराने दिले असेल, आणि तेही स्वतःचे केंद्र नसताना. लखनौचे केंद्र २ एप्रिल १९३८ रोजी सुरू झाले, अलाहाबादचे १९४९ मध्ये, आणि वाराणसीला केंद्र मिळाले ते १९६२ मध्ये. तोपर्यंत बनारसच्या कलावंताला आवाज आकाशात जावा असे वाटले तर आधी आगगाडीत बसावे लागे. बिस्मिल्ला खाँ गंगेकाठच्या मंदिरात रियाझ करीत आणि ध्वनिक्षेपणासाठी लखनौला जात. त्यांच्या काही शहनाया २०१६ च्या डिसेंबरात चोरीला गेल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची चांदी सोनाराकडे सापडली, वितळलेली. त्या वेळी देशभर हळहळ व्यक्त झाली आणि ती योग्यच होती. पण ज्या फिती पुसल्या गेल्या त्यांच्यासाठी कोणी हळहळले नाही, कारण फितीत चांदी नसते.

फिती पुसल्या जात, हे सांगताना कोणावर आरोप होतो असेही नाही. चुंबकीय फीत महाग होती, परदेशातून येत होती, आणि कार्यक्रम प्रक्षेपित झाला की तिचे काम झाले असा प्रशासकीय समज होता. एका फितीवर महिनाभरात चार गायक येऊन जात आणि शेवटचा तेवढा उरे. लंडनच्या बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत हेच केले. फरक एवढाच की तिथे नंतर या गोष्टीची लाज वाटली. १९५५ मध्ये ध्वनिमुद्रणांसाठी स्थापन झालेली संस्था १९८३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीचा भाग झाली, आणि आज छापील ग्रंथाइतकेच आवाजालाही त्या ग्रंथालयात स्थान आहे. व्हिएन्नात तर १८९९ पासून ध्वनिसंग्रह आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ या काळात भारतातील अनेक भाषा-बोलींच्या तबकड्या निघाल्या आणि त्या आजही ऐकता येतात. परकी सत्तेने प्रजेची बोली मुद्रित करून ठेवली. स्वकीय सत्तेला स्वतःच्या उस्तादांची फीत परवडली नाही. ही तुलना कोणाला कटू वाटली तर वाटो.

कटू तुलना आणखी एक आहे आणि ती मुंबईची आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. जागा बदलत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत टिकला आणि मग पोलिसांनी धाड घातली. त्या प्रसारणांत काय बोलले गेले हे आज अभ्यासकांना मुख्यत्वे कशावरून कळते? पोलिसांनी ऐकून उतरवून घेतलेल्या टिपणांवरून. खटल्यासाठी पुरावा लागत होता म्हणून शब्द वाचले. राज्यकर्त्याने भीतीपोटी ऐकले तर नोंद राहते, कौतुकाने ऐकले तर राहत नाही, असा हा विलक्षण नियम आहे.

मराठी श्रोत्याला गीतरामायणाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुढे वर्षभर पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकरांची छप्पन्न गीते सुधीर फडक्यांच्या संगीतात प्रसारित झाली. ती एकट्या फडक्यांनी गायिलेली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे वेगवेगळे गायक त्यांत होते आणि पात्रागणिक आवाज बदलत होता. आज घराघरांत जे ऐकले जाते ते नंतरचे, फडक्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण. ते थोर आहेच. परंतु १९५५ मध्ये महाराष्ट्राने दर आठवड्याला संचापाशी बसून जे ऐकले ते हे नव्हे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला हा फरक ठाऊकही नसतो. एखाद्या काव्याची पहिली आवृत्ती दुसऱ्या आवृत्तीने अशी झाकून टाकली असती तर पाठचिकित्सकांनी केवढा गहजब केला असता!

काशीच्या संदर्भात रेडिओचा इतिहास जपणे म्हणजे केवळ सुरेल आठवणी जपणे नव्हे. या शहराने नभोवाणीचे वैभव पाहिले तशी तिची कठोरताही भोगली. १९४६ नंतर, सरदार पटेल माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांचे खाजगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना प्रक्षेपणातून वगळावे असे धोरण आले. त्याचा आघात कोणावर झाला हे सांगावयास नको. ठुमरी, दादरा, कजरी, चैती हे बनारसचे भांडार ज्यांच्या गळ्यात होते त्या बहुतांशी याच बायका. त्यांच्याकडून गाणे घ्यायचे आणि त्यांना दारात उभे करायचे नाही, हा व्यवहार सभ्य समाजाने पूर्वीही केला होता. नभोवाणीने त्याला परिपत्रकाचे रूप दिले.

यानंतर आले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, काशी विद्यापीठात शिकलेला, पॅरिसची पदवी घेतलेला, स्वतः संगीताचा जाणकार. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे हे खाते त्यांच्या हाती होते. मराठीत त्यांच्याविषयी दोनच तऱ्हांनी बोलले जाते. एकतर अभिजात संगीताचा तारणहार म्हणून, नाहीतर चित्रपटगीतांचा शत्रू म्हणून. दोन्ही तऱ्हा आळशी आहेत. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, वाद्यवृंद उभा राहिला, संस्थाने विलीन झाल्यावर निराधार झालेल्या शेकडो गवयांना नियमित बिदागी मिळू लागली. हे केसकरांच्या कारकिर्दीत झाले आणि त्याचे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही. त्याच कारकिर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्याने काय केले? संचाचा काटा फिरविला आणि तो सिलोनला गेला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून खात्याने माघार घेतली, अर्थात माघार हा शब्द न वापरता.

याहून महत्त्वाची होती ती श्रेणीची पद्धत. प्रत्येक कलावंताची परीक्षा घ्यावी, पडद्याआड बसून ऐकावे, श्रेणी द्यावी. आणि या व्यवस्थेचे सूत्रधार होते भातखंडे परंपरेतील श्रीकृष्ण रातंजनकर. पिढ्यान्पिढ्या गाणाऱ्या उस्तादांनी या परीक्षेवर बहिष्कार घातला. त्यांचा राग अहंकाराचा होता, असे एका बाजूने म्हणता येईल. तोंडी परंपरेला लेखी मोजमाप लावण्याचा हा उद्धटपणा होता, असे दुसऱ्या बाजूने म्हणता येईल. यांतले खरे किती हे ठरविण्यासाठी परीक्षकांचे शेरे, श्रेणीच्या याद्या, नाकारलेल्यांचे अर्ज, करारपत्रे, बिदागीच्या नोंदी समोर हव्यात. नभोवाणीच्या संग्रहालयात पहिल्या दालनात हे कागद असले पाहिजेत. काचेच्या कपाटात ठेवलेला सूक्ष्मध्वनिग्राहक यांतले काहीच सांगत नाही.

आणि येथे ‘पेटी’ या शब्दाची एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. मराठीत पेटी म्हणजे खोका आणि पेटी म्हणजे हार्मोनियमही. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जिला मराठी रंगभूमीवर मानाने बसविले ती पेटी १९४० पासून आकाशवाणीला वर्ज्य होती. स्थिर स्वरांचे हे परके वाद्य मींड आणि श्रुती बिघडविते असा त्यामागचा विचार होता, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नव्हता. १९७१ मध्ये बंदी शिथिल झाली. मधल्या तीस वर्षांत देशभर मैफलींत पेटी वाजतच होती. अधिकृत ध्वनिमुद्रणांवरूनच विसाव्या शतकाच्या मध्याचे संगीत ओळखू पाहणारा विद्यार्थी मात्र समजेल की ती वाजतच नव्हती. जे जपले त्यानेही असा खोटा इतिहास तयार होतो. म्हणून वर्ज्य केल्याच्या नोंदी जपल्याशिवाय नुसता आवाज जपणेही अपुरे आहे.

रसूलनबाईंना १९५७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ च्या अहमदाबादच्या दंगलीत त्यांचे घर जळाले. अखेरच्या दिवसांत अलाहाबादच्या आकाशवाणी केंद्राबाहेर त्या चहाचे लहानसे दुकान चालवीत, अशी आठवण पुष्कळांनी सांगितली आहे. १९७४ मध्ये त्या गेल्या. केंद्राच्या भिंतीच्या आत त्यांचा आवाज आणि भिंतीबाहेर त्यांचा स्टोव्ह! ही आठवण तपशिलाने किती अचूक आहे हे तपासण्याचे साधन असते ते केंद्राच्या दप्तरात: कोणत्या वर्षी किती कार्यक्रम मिळाले, किती बिदागी दिली, शेवटचे बोलावणे कधी गेले. दप्तर नसेल तर उरते ती दंतकथा, आणि दंतकथेवर अश्रू ढाळणे फार सोपे असते. खात्यालाही ते सोयीचे, कारण अश्रू उत्तर मागत नाहीत.

यावर एक उत्तर ठरलेले असते: आता सर्व काही संगणकाच्या जाळ्यावर मिळते, मग संग्रहालय कशाला? मिळते हे खरे. पूर्वी घरच्या यंत्रावर रेडिओवरून ध्वनिमुद्रण करून ठेवणाऱ्या रसिकांचे उपकार यासाठी मानावे लागतील. खात्याने पुसले ते कित्येकदा त्यांनी राखले. पण या रसिकांची एक सवय घातक होती. फीत वाया जाऊ नये म्हणून ते उद्घोषणा कापीत. गाणे सुरू झाले की बटण दाबायचे आणि संपताच थांबवायचे. उद्घोषणेत केंद्राचे नाव असे, दिवस असे, आणि सारंगीवर कोण, तबल्यावर कोण हे असे. ती कापली गेली आणि सारंगियाचे नाव कायमचे गेले. आज जाळ्यावर मोठ्या गायकाचे नाव देऊन ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांना सन नसतो, स्थळ नसते, साथीदार नसतात. रेडिओ वजा करून उरलेले ते गाणे आहे. ग्रंथपालाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुखपृष्ठ आणि शीर्षकपान फाडलेली पुस्तके तो ओळखतो.

काशीतच या नव्या मोहाचे एक उदाहरण आहे. मान महालात २०१९ मध्ये आभासी अनुभवाचे संग्रहालय उघडले. पडदे, प्रकाश, गंगा, गल्ल्या, संगीत हे सारे तिथे दाखविले जाते. ते पाहून येणारे खूश असतात. पण ज्या गल्लीचा आभास तिथे दाखवितात ती गल्ली बाहेरच आहे, आणि तिच्यातला आवाज मुद्रित करून ठेवण्याचे काम आभासाने होत नाही. मूळ वस्तूवाचून उभे राहिलेले संग्रहालय ही प्रदर्शनाची इमारत असते. तिला दुसरे नाव द्यावे.

जतनाचे खरे काम रुक्ष आहे, म्हणूनच ते होत नाही. ॲसिटेटची फीत कुजू लागली की तिला सिरक्याचा वास येतो, ती आखडते आणि शेजारच्या फितींनाही बिघडविते. कुजलेली फीत वाचवायची तर आधी ती वाजविणारे यंत्र हवे, आणि त्या यंत्राचे सुटे भाग आता बनत नाहीत. जुन्या व्हॉल्व्हच्या संचातील धारित्रे वर्षानुवर्षे पडून निकामी झालेली असतात. एकाएकी वीज दिली तर संच जळतो. एक तासाची फीत संगणकात उतरवायला किमान एक तास लागतोच, आणि वर नोंदी करायला, ऐकायला, पडताळायला आणखी कितीतरी. याला पगारी माणूस लागतो. उद्घाटनाला फीत कापणारे पुष्कळ मिळतात. फीत ऐकत बसणाऱ्याची जागा मंजूर होत नाही.

कायद्याचीही गोष्ट अशीच. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. म्हणूनच कुठल्यातरी तालुक्याच्या गावी छापलेले, कोणी न वाचलेले पुस्तकही कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडू शकते. ध्वनीला हा हक्क नाही. लक्षावधी लोकांनी ऐकलेले नाटक, भाषण, कीर्तन कुठेही जमा करण्याचे बंधन कोणावर नाही. हक्काच्या कायद्याची सबब पुढे केली जाते. पण प्रसारणावरचा प्रसारकाचा हक्क पंचवीस वर्षांनी संपतो. पन्नास-साठच्या दशकांतील प्रसारणांपुरता तो अडसर कधीच दूर झाला आहे. शब्दकाराचे आणि संगीतकाराचे हक्क काही बाबतींत उरतात, हे खरे. ते ऐकवण्याला अडवितात, जपण्याला नाही.

दरम्यान बंद होण्याचा वेग वाढला आहे. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा नाही. १८५४ मध्ये आग्रा-कलकत्ता मार्गावर जी तार खडखडली तिची अखेर. नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर ऐकू येणारी राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये सुरू झाली आणि २०१९ च्या आरंभी संपली. जे बंद होते त्याची यादी करावी, शेवटच्या पाळीच्या माणसांना बोलते करावे, एवढेही झाले नाही. संच मात्र कोणीतरी उचलून नेईल आणि पॉलिश करील.

मग संग्रहालय शिंदे घाटावरच का नसावे? नाव मराठी, शेजारी कललेले देऊळ, संध्याकाळी वाऱ्यावर येणारा घंटानाद. कोणत्याही समितीला भुरळ पडावी अशी जागा. परंतु वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. घाटाच्या तळघरात फिती ठेवणे म्हणजे बायजाबाईंच्या अभियंत्यांकडून काहीच न शिकणे. भांडार शहराच्या उंच भागात हवे, कोरडे, थंड, चोवीस तास वीज असलेले आणि कुरूप असले तरी चालेल असे. शेरे, अर्ज, बिदागीची पुस्तके, परवान्यांच्या नोंदी त्याच इमारतीत, मागणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी मिळतील अशा. घाटावर ठेवायची ती फक्त ऐकण्याची एक खोली: दहा-बारा खुर्च्या, एक चालू संच आणि उद्घोषणेसकट वाजणारा कार्यक्रम. पावसाळ्यात ती दोन-तीन महिने बंद ठेवावी लागेल. ठेवावी.